अंगठी टायटॅनियमची, माप मात्र डिसेंबरचं

आमच्या तासगाव भागात अंगठी घालून द्राक्षबागेत फिरणारी माणसं दोनच प्रकारची, एक नुकतं लग्न झालेला आणि दुसरा नुसता बांधावर उभा राहून मजुरांना सांगणारा. मी पहिल्यातला, फक्त लग्नाला सात वर्षं झाली तरी सवय गेली नाही. बोटात काही नसलं की चुकल्यासारखं होतं, बोलता बोलता अंगठ्यानं अंगठी फिरवायची खोड आहे. त्या खोडीपायी लग्नापासून चार अंगठ्या झाल्या आणि टायटॅनियम या विषयात विनाकारण एवढं ज्ञान झालं की आता कोण विचारलं तर अर्धा तास सुटत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली सासऱ्यांनी लग्नात घातलेली, अर्ध्या तोळ्याची, २२ कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं, आणि सोनं कसलं मऊ असतंय ते ऑक्टोबर छाटणीला कळतं. दिवसभर कात्री दाबायची, मूठ आवळली की अंगठी दबते, चार दिवसांत गोल अंगठी लंबगोल. सराफानं दोनदा निमुळत्या दांड्यावर ठोकून गोल करून दिली, तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, "बागायतदार, ही पूजेला घाला, बागेत काय तरी दुसरं घाला." त्यात सोनं तोळ्याला लाखावर गेलेलं, बोटातनं निसटून सरीत पडली तर कुठं हुडकायची. ठेवली कपाटात.

मग चांदीची केली. भुरी रोगासाठी गंधक मारलं त्याच आठवड्यात काळी ठिक्कर. चांदी आणि गंधक यांचं पटतंय कधी? घासायची, परत फवारा, परत काळी. ती पण गेली.

तिसरी मोबाईलवर बघून मागवली आणि तिथं माझी पहिली मोठी फसगत झाली, म्हणजे फसगत तरी कशी म्हणायची, लिहिलेलं होतंच, मी नीट वाचलं नाही. ५९९ रुपये, काळीभोर, आठ मिलिमीटर रुंद, खाली लिहिलेलं 'टायटॅनियम स्टील'. मला वाटलं टायटॅनियम आणि स्टील मिसळून काहीतरी भारी प्रकार असेल. तसा काही प्रकार नसतो. बाजारात 'टायटॅनियम स्टील' या नावानं जे विकतात ते बहुतेक वेळा ३१६एल स्टेनलेस स्टील असतं, त्यात टायटॅनियम नावालासुद्धा नाही. स्टील म्हणून वाईट आहे असं नाही, पण त्यात निकेल असतं, शंभरात दहा ते चौदा भाग. आणि निकेल आपल्याला चालत नाही हे मला तोवर माहितीच नव्हतं.

तीन आठवड्यांत अंगठीखाली लालभडक पट्टा उठला, बारीक फोड, खाज एवढी की रात्री झोप नाही. मी म्हटलं औषधाची रिॲक्शन असेल, फवारणीचं काहीतरी हाताला लागलं असेल. बायको मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, तिनं एकदा बघितलं आणि विचारलं, "अहो, तुम्हाला बेंबीजवळ जीन्सच्या बटणाला पण खाज येते ना उन्हाळ्यात?" येते की. पण ह्याचा त्याचा काय संबंध म्हटलं. संबंध तोच होता. मिरजेत स्किनच्या डॉक्टरांकडं गेलो, पाठीवर पट्ट्या चिकटवून टेस्ट केली, दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, परत एकदा बघायला बोलावलं आणि निकेलच्या जागी चांगला चट्टा उठलेला. डॉक्टर म्हणाले अंगठीखाली घाम आणि साबण साठून पण असं होतं, पण तुमचं निकेलचं पक्कं आहे, घामात निकेल सुटतं आणि कातडीला लागतं. मी म्हटलं, "पण डॉक्टर, ही टायटॅनियमची आहे." ते हसले आणि म्हणाले, टायटॅनियमची असती तर तुम्ही इथं आला नसता, हाडात बसवायच्या प्लेटा आणि रॉड त्याचे पण करतात.

आता मला हट्टच पेटला. ही खरंच टायटॅनियमची आहे का नाही ते बघायचंच. मेव्हण्याचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू फिरवून कापायची मशीन), जॉबवर्क करतो. त्याच्याकडं अंगठी घेऊन गेलो. मी घरी लोहचुंबक लावून बघितलेलं, चिकटलं नव्हतं, म्हणून मी जरा ऐटीत होतो. तो म्हणाला, "दाजी, चुंबकाला काय चिकटत नाही म्हणजे टायटॅनियम होत नाही, ३१६ पण चिकटत नाही, आमचं ॲल्युमिनियम पण चिकटत नाही, माझा हात पण चिकटत नाही." चुंबकानं एवढंच कळतं की चिकटलं तर ते नक्की टायटॅनियम नाही.

खरी परीक्षा वजनाची. त्यानं बाजूच्या वर्कशॉपमधनं बारीक काटा आणला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. अंगठी नुसती ठेवली, ७.१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य केला आणि अंगठी दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत धरली, तळाला टेकू द्यायची नाही, कडेला लागू द्यायची नाही. काट्यावर ०.९० आलं. म्हणजे अंगठीनं ०.९० ग्रॅम पाणी सारलं. ७.१२ भागिले ०.९०, आलं ७.९. स्टीलची घनता तेवढीच. टायटॅनियम असतं तर साडेचारच्या आसपास यायला पाहिजे होतं. एका ग्लासात पाणी घेऊन पाच मिनिटांत निकाल. हे घरी पण होतं, फक्त काटा तसला पाहिजे, किराणा दुकानातला चालत नाही. आणि अंगठीत खडा, लाकूड, दुसऱ्या धातूची पट्टी असं काय बसवलेलं असलं तर हिशोब चुकतो.

खरं तर काटा नसला तरी हातात घेतल्यावर थोडं कळायला पाहिजे. टायटॅनियम हलकं असतं, स्टीलच्या निम्म्याच्या जरा वर आणि सोन्याच्या तर चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी, सोन्याची घनता १९.३ आहे. पहिल्यांदा खरी टायटॅनियमची अंगठी हातात धरली की प्लास्टिकची आहे का काय असं वाटतं. बऱ्याच लोकांना तेच आवडत नाही, 'वजन नाही म्हणजे दम नाही' असं आपल्या डोक्यात सोन्यामुळं बसलंय. मला आवडलं, कात्री धरताना बोटात काय आहे हे कळतच नाही.

मेव्हणाच म्हणाला, कशाला विकत घेताय, टायटॅनियमचा बार, म्हणजे सळई, आणून करून टाकू की. मुंबईच्या धातूबाजारातनं त्यानं ग्रेड ५ चा बारचा तुकडा मागवला, सोबत मटेरियलचं सर्टिफिकेट. इथं ग्रेडचं सांगतो कारण अंगठी विकत घेताना पण हेच विचारायचं असतं. ग्रेड १ ते ४ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम, त्यातलं २ जास्त चालतं, थोडं मऊ. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम, हे बरंच टणक. आणि ग्रेड २३ म्हणजे त्याचीच जास्त चोख आवृत्ती, हाडातल्या इम्प्लांटला वापरतात ती. दुकानात 'एअरक्राफ्ट ग्रेड' असं लिहिलेलं दिसतं ते बहुतेक हेच ग्रेड ५, त्यात विमानाचं असं वेगळं काय नाही, त्या नावाला जादा पैसे द्यायची गरज नाही. विकणाऱ्याला ग्रेड विचारा, बिलावर लिहून द्या म्हणा. ग्रेड सांगता येत नसेल तर त्याला पण माहिती नाही काय विकतोय ते. सोन्यावर निदान एचयूआयडी हा सहा आकडी-अक्षरी हॉलमार्क नंबर असतो, ॲपवर टाकून बघता येतो, टायटॅनियमला तसलं हॉलमार्क नाही, दुकानदाराचा शब्द आणि बिल एवढंच.

अंगठी करताना मी तिथंच उभा होतो आणि तेव्हा कळलं की सराफ याला हात का लावत नाहीत. टायटॅनियम उष्णता पसरू देत नाही, सगळी टूलच्या टोकाशी साठते, त्यामुळं लेथचा स्पीड स्टीलला चालतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, कूलंट धो धो सोडलेला, तरी टूलच्या टोकाचा एक इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, गेलाच. आणि बारीक किस पडतो तो तापून पेटू शकतो, मेव्हण्यानं शेजारी कोरड्या वाळूची बादली आणून ठेवलेली. मी म्हटलं पाण्याची ठेव की, तर म्हणाला, "दाजी, पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी टाकलं तर आणि भडकतंय." किस पेटतो, अंगठी नाही पेटत बरं का, नाहीतर कोण तरी घाबरायचं. उरलेला तुकडा गंमत म्हणून ग्राइंडरला लावला तर ठिणग्या पांढऱ्याशुभ्र, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. त्याच ग्राइंडरला माझी ५९९ ची लावली, पिवळट नारंगी, आखूड. तिचं काळं कोटिंग तर आधीच कडेनं निघालेलं. तेवढ्यावर तिचा विषय संपला.

आता मूळ चूक. साईज.

मेव्हण्यानं विचारलं साईज किती. मी डिसेंबरात, पहाटे फवारणी करून आल्यावर, सराफाकडच्या रिंगांच्या जुडग्यात बोट घालून मोजलेली, २१. आपल्याकडच्या साईजचा हिशोब सोपा असतो, आतला घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि ४० वजा करायचे, म्हणजे २१ ला घेर ६१ आणि आतला व्यास साधारण १९.४. बाहेरच्या देशातल्या साईटवर अमेरिकन नंबर असतात, ते वेगळे, त्यात गडबड करू नका, मिलिमीटर विचारून घ्या. मी सांगितलं २१, त्यानं १९.४ ला आतनं बोअर मारला, आतल्या कडा गोलसर केल्या, सहा मिलिमीटर रुंद, वरनं ब्रश फिनिश. वजन भरलं ३.३२ ग्रॅम, पाण्यात ०.७५, भागाकार ४.४३. बोटात अशी बसली की मी दोन दिवस सगळ्यांना हात दाखवत फिरलो.

डिसेंबरची पहाट, गार पाण्यात हात घातलेले, बोटं आकसलेली असतात हो. साधी गोष्ट. त्यात सराफाच्या जुडग्यातल्या रिंगा तारेसारख्या बारीक आणि माझी अंगठी सहा मिलिमीटर रुंद, रुंद अंगठी त्याच नंबरात घट्ट बसते, अर्धा-एक नंबर वाढवून घ्यायची असते. सोन्याची असती तर काय नव्हतं, सराफ कापून तुकडा घालून डाग, म्हणजे सांध्याची झाळ, लावून देतो, वाढवायची असो का कमी करायची. टायटॅनियमला डाग लागत नाही. उघड्या हवेत तापवलं की ते हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, वेल्डिंग करायचं तर आर्गॉन वायूच्या आवरणात, ते सराफाच्या फुंकणीचं काम नाही. त्यामुळं कमी तर करताच येत नाही, वाढवायची तर आतनं खरवडून थोडी, तेही जाडी असेल तेवढीच. विकत घेताना म्हणूनच साईज बदलून देणार का, किती दिवसांत, किती पैसे, हे आधी विचारायचं. चांगले करणारे जुनी घेऊन नवी देतात.

जानेवारीत गावच्या यात्रेला मामा आला. मामा विट्याकडचा, खानापूर तालुक्यातला, कोइमतूरला गलाईचं दुकान. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, आमच्या विटा-आटपाडी भागातली माणसं भारतभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, कुठल्याही मोठ्या गावच्या सराफकट्ट्यात जावा, गलाईवाला आपलाच निघतो. तर मामानं बघितलं बोटात काहीतरी करड्या रंगाचं. काढ म्हणाला. पिशवीत कसोटीचा दगड कायम असतोच त्याच्या, घासली, राखाडी रेघ उठली, वर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ तशीच. परत थेंब, तरी तशीच. मामा जरा वेळ बघत बसला. "भाच्या, तेजाबाला दाद देत न्हाई म्हंजे गुण सोन्याचा हाय की रं. आनी किंमत काय ह्याची?"

मी म्हटलं बार आणि मजुरी धरून दीड हजार पडले असतील, मेव्हण्यानं घेतले नाहीत ती गोष्ट वेगळी.

"तसं न्हवं. मोड काय?"

मोड म्हणजे परत विकताना मिळणारे पैसे, ते काहीच नाहीत. हे मामाला पटवायला मला संध्याकाळ गेली. त्याच्या मुशीत सोनं १०६४ डिग्रीला वितळतं, हे १६६८ ला, आणि तेही उघड्यावर वितळवून उपयोग नाही. टायटॅनियम काही दुर्मिळ नाही, घराच्या भिंतीला मारतो त्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडच असतं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे तेही त्याचंच खनिज. महाग पडतं ते त्याच्यातनं धातू काढणं आणि त्याला आकार देणं. म्हणजे दुकानात टायटॅनियमच्या अंगठीला जे पैसे देता ते सगळे मजुरीचे असतात, परत विकायला गेलं की शून्य. आई चहा घेऊन आली, तिनं अर्धवट ऐकलेलं, मोडताना सराफ कापतो ती घट तिच्या डोक्यात, म्हणाली, "मंजी नुसती घटच?" मामा असा हसला की चहा सांडला. पण खरंय ते. लग्नात, साखरपुड्यात सासरकडनं टायटॅनियमची घालणार असाल तर आधी घरच्यांना हे सांगून ठेवा, नंतर बोलणी खायला लागतात.

मध्ये एक रंगाचा नाद केला, तो थोडक्यात सांगतो. भाचा सांगलीच्या वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला निळी करून देतो. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकाला एक जोडल्या, खायच्या सोड्याचं पाणी, अंगठी प्लसला, मायनसला स्टीलचा चमचा. बघता बघता मोरपंखी निळी. त्यात रंग वगैरे काही नसतो, वरच्या ऑक्साइडचा थर किती जाड होतो त्यावर उजेड खेळतो आणि रंग दिसतो, व्होल्टेज बदललं की रंग बदलतो. दिसायला लय भारी. पण थर एवढा पातळ की एप्रिलच्या खरड छाटणीची कात्री लागेपर्यंत सुद्धा टिकला नाही, तळव्याच्या बाजूनं महिनाभरात गेला, आतनं मात्र अजून निळी आहे. रंगीत घेणार असाल तर दोन अंगठ्यांच्या मधल्या खोबणीत रंग असलेली घ्या, तिथं घासत नाही. आणि काळी टायटॅनियमची म्हणून मिळते तिचा काळा रंग बहुतेक वरचा थर असतो, तो कसला आणि किती टिकेल हे विचारा. माझी पहिली काळी आठवा.

ओरखडे पण पडतात. 'स्क्रॅचप्रूफ' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, मातीत जी बारीक वाळू असते ती टायटॅनियमपेक्षा कठीण. चकचकीत पॉलिशवर लगेच दिसतात, ब्रश फिनिशवर मिसळून जातात, आणि लय झाले तर भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरनं एकाच दिशेनं घासलं की परत पहिल्यासारखी. बाकी गंधक, मोरचूद-चुन्याचं बोर्डो, बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवतात ते डिपिंगचं पाणी, सगळ्यात बुडाली, काही झालं नाही. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी विळा विसरला तर तांबडा होऊन निघतो, हिला डाग नाही. आणि खाज तर औषधाला नाही.

आता मार्च. बाग उतरायला आलेली, गोडी भरलेली, घडांवर गांधीलमाश्या. डाव्या हाताच्या त्याच बोटाला, अंगठीच्या अगदी वर, कडकडून चावली. अंगठी आधीच उन्हाळ्यात घट्ट व्हायला लागलेली, दुपारी फिरायची नाही, मी दुर्लक्ष केलं. चावल्यावर पहिलं काम अंगठी काढायचं असतं, सूज यायच्या आत, हे आता माहिती आहे. मी काय केलं तर चुना लावला आणि अजून दोन लायनी बघून घेतल्या. अर्ध्या तासात बोट गाजरासारखं, अंगठी रुतलेली, साबण लावला, तेल लावलं, ओढून ओढून सूज वाढवली.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं अंगठी कापायचं छोटं हातानं फिरवायचं यंत्र होतं, सोन्याच्या अंगठ्या त्यानं कापतात. चार वेळा फिरवलं, पात्याचे दात गेले, अंगठीवर नुसता चरा. मग तिथल्या माणसानं विचारलं कसली आहे, टायटॅनियम म्हटल्यावर तो म्हणाला, "ती कापत नसते, बोट जातं त्यात." मी घामाघूम. हे लोकांच्या डोक्यात का बसलंय कळत नाही, पण अजिबात खरं नाही, ते पुढं सांगतो. त्या वेळी मात्र मला माझं बोट दिसायला लागलं बरणीत ठेवलेलं.

बायकोला फोन लावला. तिनं आधी विचारलं बोट निळं-पांढरं पडलंय का, बधिर आहे का, नखाला दाबून सोडल्यावर लाली परत येते का. येत होती. मग म्हणाली ओढायचं बंद करा, हात डोक्याच्या वर धरा, बर्फ लावा आणि तसेच मिरजेला या. चुलतभावानं गाडी काढली, तासगाव ते मिरज मी मागं बसून हात वर, रस्त्यात दोघा-तिघांनी रामराम समजून उलट हात केला.

तिथं तिनं कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना विचारून दोऱ्याचा प्रकार केला. जाड रेशमी दोरा, त्याचं एक टोक अंगठीच्या खालनं तळव्याच्या बाजूला सरकवलं, आणि उरलेला दोरा अंगठीला लागूनच नखाच्या दिशेनं बोटाला घट्ट गुंडाळत नेला, वेढ्याला वेढा चिकटून, मधल्या सांध्याच्या पार पुढंपर्यंत. दोऱ्यानं सूज दाबली जाते. मग खालचं टोक धरून नखाच्या दिशेनं सोडवत आणायचं, एकेक वेढा सुटला की अंगठी तेवढी पुढं सरकते. दुखतं. सांध्यावर तर डोळ्यांपुढं काजवे. पण तीन-चार मिनिटांत अंगठी तिच्या हातात. बोटाला जखम असेल, हाड मोडलं असेल, बोट काळं-निळं पडलं असेल तर हे करत बसायचं नाही, सरळ कापायची, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि त्यांनी ते कटर पण दाखवलं, डायमंड लावलेलं चाक, मोटरवर चालणारं, टायटॅनियम त्यानं कापतं, फक्त पाणी सोडत हळूहळू, कारण अंगठी तापते आणि बोट भाजतं. उगं बोट जायचं कारण नाही.

माझं समाधान नाही झालं. पुढच्या रविवारी कुपवाडला जाऊन त्याच बारची एक रिंग काढायला लावली आणि व्हाईसमध्ये धरून साध्या हॅक्सॉनं कापायला घेतली. चार मिनिटं लागली. पण गंमत अशी की एका जागी कापून ती उघडत नाही, सोन्याची बोटानं फाकवता येते, ही स्प्रिंगसारखी परत मिटते, समोरासमोर दोन काप द्यायला लागले तेव्हा दोन तुकडे झाले. मेव्हण्यानं सांगितलं की टंगस्टन कार्बाइडच्या म्हणून ज्या जड अंगठ्या मिळतात त्या कापतच नाहीत, पण त्या व्हाईस-ग्रिप पक्कडीनं दाबल्या की काचेसारख्या तडकतात. दोन्हीचं वेगवेगळं, दवाखान्यात कसली आहे ते नीट सांगता आलं पाहिजे.

त्याच दिवशी माझी पण लेथवर चढवली. आतनं खरवडून २१ ची २३ केली, व्यास १९.४ वरनं २०.०५, भिंत दोन्हीकडनं तिसरा हिस्सा मिलिमीटरनं बारीक झाली. आतला निळा रंग गेला, तो भाच्यानं परत करून दिला. या वेळी माप मी आठवडाभर घेतलं, सकाळी, दुपारी बागेतनं आल्यावर, रात्री जेवल्यावर, आणि मधल्या सांध्याचं पण, कारण अंगठी तिथनं पार व्हायची असते. दुपारचं आणि पहाटेचं माप दीड नंबरनं वेगळं आलं. आता थंडीत जरा सैल फिरेल, ते चालेल.

एक गोष्ट मेव्हण्याची मात्र मी ऐकायला लागलोय. तो स्वतः बोटात काहीच घालत नाही. सोन्याची अंगठी मशीनमध्ये अडकली तर एखादे वेळी वाकून उघडेल, पण तिचाही भरवसा नाही. टायटॅनियमची तुटत नाही, मग ओढ सगळी बोटाच्या कातडीवर येते. तेव्हा ट्रॅक्टरच्या फवारणीच्या ब्लोअरजवळ, तो फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टजवळ, मोटारीच्या पेटीत हात घालताना, ट्रॉलीवरनं उडी मारताना अंगठी गळ्यातल्या दोऱ्यात. धातू आहे, करंट पण लागतो.

आता बायकोला पण पाहिजे. खड्याची नको म्हणाली, हातमोजे फाटतात, आणि तसंही टायटॅनियमचे बारीक आकडे वाकवून खडा धरता येत नाही, भोवती कडा ठेवून किंवा दाबात बसवायला लागतो. साधी, चार मिलिमीटर, ब्रश फिनिश, आतनं निळी, ड्युटीवर काढून ठेवणार. मी म्हटलं साईज सांग, परवाच करून आणतो. तिनं कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहून ठेवलंय, जानेवारीत १३, मार्चमध्ये साडेतेरा. मे महिन्याचं माप झाल्याशिवाय लेथ चालू करायचा नाही म्हणाली. बारचा तुकडा कुपवाडला टूलबॉक्सवर पडून आहे.